वाइनच्या बरणीत मिथेनॉल येतं कुठून?

नाताळ जवळ आला, किंवा कुणी घरी आल्याची वाइन नाहीतर मधाची मीड लावल्याचं कळलं, की एक वाक्य हमखास कानावर येतं: "घरची पिऊ नका, आंधळे व्हाल." सांगणारा काळजीपोटीच सांगतो. त्यात शिकलेली माणसं असतात, रसायनशास्त्राचे पदवीधरही असतात. त्यांच्या मनात असं असतं की कारखान्यात तज्ज्ञ असतात म्हणून तिथे चांगलं अल्कोहोल बनतं; घरी प्रमाण चुकलं, चार दिवस जास्त आंबलं, भांडं नीट धुतलं गेलं नाही, तर त्याच बरणीत विषारी अल्कोहोल तयार होतं. ही समजूत मुळातच चुकीची आहे. शिवाय ती कुणाचंच नुकसान करत नाही असंही नाही, म्हणून ती नीट खोडून काढायला हवी.

यीस्ट साखर खातं आणि इथेनॉल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. साखरेपासून मिथेनॉल बनवण्याची सोयच त्याच्या पेशीत नाही. बरणी जास्त दिवस राहिली तर वाइन आंबट होईल, हवा लागली तर तिचं व्हिनेगर होईल, स्वच्छता नसेल तर घाण वास येईल. पण कितीही हेळसांड केली तरी इथेनॉलचं मिथेनॉल होत नाही.

मग फळांच्या वाइनमध्ये थोडं मिथेनॉल सापडतं ते कुठलं? ते पेक्टिनमधून येतं. पेक्टिन म्हणजे फळाच्या सालीत आणि गरात असलेला, जॅम घट्ट करणारा पदार्थ. फळातली विकरं पेक्टिनवर काम करतात तेव्हा मिथेनॉल सुटतं, आणि त्यासाठी यीस्ट लागतही नाही. म्हणून ते साध्या फळांच्या रसातही असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रासायनिक सुरक्षितता कार्यक्रमाने १९९७ मध्ये मिथेनॉलवर एक अहवाल काढला. ताज्या फळांच्या रसात लिटरमागे सरासरी १४० मिलिग्रॅम मिथेनॉल आढळतं, काही रसांत ६४० मिलिग्रॅमपर्यंत, असं त्यात नोंदलं आहे. आता वाइनचं पाहा. आंतरराष्ट्रीय द्राक्ष व वाइन संघटनेने घालून दिलेली कमाल मर्यादा लाल वाइनसाठी लिटरला ४०० मिलिग्रॅम आणि पांढऱ्या वाइनसाठी २५० मिलिग्रॅम आहे. म्हणजे सकाळी आजारी माणसाला प्रेमाने दिलेला रस आणि संध्याकाळची वाइन या बाबतीत एकाच पातळीवर आहेत.

हिशेब करून बघा. साधारण १० मिलिलिटर, म्हणजे ८ ग्रॅमच्या आसपास शुद्ध मिथेनॉल दृष्टी घालवू शकतं. ३० मिलिलिटर जीव घेऊ शकतं. लिटरमागे २०० मिलिग्रॅम मिथेनॉल असलेल्या वाइनमधून ८ ग्रॅम पोटात जायला ४० लिटर वाइन लागेल. त्याच्या कितीतरी आधी तिच्यातलं इथेनॉलच माणसाला मारून टाकेल.

आणि हे झालं फळांचं. गूळ, साखर, मध, तांदूळ यांच्यात पेक्टिन जवळजवळ नसतंच. मुंबईच्या वस्त्यांत गाळली जाणारी हातभट्टीची दारू गूळ आंबवून होते. तिच्यात आंबण्यातून येणारं मिथेनॉल नगण्य असायला हवं. तरीही हातभट्टीची म्हणून विकली गेलेली दारू पिऊन माणसं मिथेनॉलने मेली आहेत. इथेच प्रश्न विचारायला हवा होता, आणि इथेच आपण गप्प बसतो.

डिसेंबर २००४ मध्ये विक्रोळीत ऐंशीहून अधिक माणसं गेली. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक. जुलै २०२२ मध्ये गुजरातच्या बोटाद भागात चाळीसहून अधिक, जून २०२४ मध्ये तमिळनाडूतल्या कल्लकुरिचीत साठहून अधिक. मालवणीच्या तपासात गुजरातहून आणलेल्या मिथेनॉलचा माग लागला. बोटादमध्ये तर गाळणं-आंबवणं काही नव्हतंच: अहमदाबादमधल्या एका गोदामातून चोरलेलं औद्योगिक मिथेनॉल, त्यात पाणी घालून, पोटल्यांत भरून विकलं. रंग, प्लायवूडचे गोंद, औषधं अशा किती तरी उद्योगांत मिथेनॉल टँकरने लागतं. ते स्वस्त असतं, दिसायला पाण्यासारखं, वासाला दारूसारखं. दारूत भर म्हणून किंवा दारूच्या जागी ते वापरणाऱ्याला नफा सुटतो. हे विष भट्टीत तयार होत नाही, भट्टीबाहेरून आणून ओतलं जातं.

"दारू बिघडली", "मिश्रण चुकलं", "भट्टीत विष तयार झालं" असं आपण बोलतो, छापतो, तेव्हा आपण एका गुन्ह्याला अपघात ठरवतो. भट्टी गाळणाऱ्याची चूक, पिणाऱ्याचं नशीब, विषय संपला. मिथेनॉल कुठल्या गोदामातून निघालं, नोंदवहीत ते कुणाच्या नावावर होतं, कुणी वाहून आणलं, हे प्रश्न मग बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात जातात. मेलेली माणसं बहुतेक रोजंदारीवरची असतात, त्यांच्यासाठी हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारं कुणी नसतं. म्हणून मला या गैरसमजाचा राग येतो. बरणीतल्या यीस्टवर आळ घेतल्याने टँकरवाला सुटतो.

आंधळं होण्याची ही धास्ती जगभर पसरली त्यामागेही अशीच हकिकत आहे. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. औद्योगिक अल्कोहोल कुणी पिऊ नये म्हणून त्यात सरकारी नियमानेच मिथेनॉल आणि इतर विषं मिसळली जात. चोरटे व्यापारी तेच अल्कोहोल थोडंफार शुद्ध करून विकत. १९२६ च्या नाताळात न्यूयॉर्कच्या इस्पितळांत विषबाधेचे रुग्ण भरले, माणसं दगावली. शहराचे मुख्य वैद्यकीय परीक्षक चार्ल्स नॉरिस यांनी सरकारला याबद्दल उघड दोष दिला होता. लोकांच्या लक्षात मात्र एवढंच राहिलं की चोरून केलेली दारू आंधळं करते.

या मोठ्या गैरसमजाला दोन पिल्लं आहेत. पहिलं: गाळताना सुरुवातीची धार फेकली की मिथेनॉल गेलं. परदेशी व्हिडिओ पाहून हे ज्ञान आपल्याकडे आलं आहे. आपल्याकडे तर पहिल्या धारेचीच कडक म्हणून मागणी असते. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं आणि इथेनॉल ७८.४ अंशांना, त्यामुळे मिथेनॉल आधी निघून जात असेल असं वाटतं. पण पाणी आणि इथेनॉलच्या मिश्रणात ते असं सरळ वेगळं होत नाही. साध्या भट्टीत ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत थोडं थोडं येत राहतं. सुरुवातीच्या धारेत अ‍ॅसिटाल्डिहाइड आणि इथिल अ‍ॅसिटेटसारखे उग्र वासाचे पदार्थ जास्त असतात. ती काढून टाकल्याने चव सुधारते. बाहेरून मिथेनॉल ओतलेलं असेल तर एक धार फेकून कुणी वाचणार नाही.

दुसरं पिल्लू जास्त घातक. चमच्यात घेऊन पेटवायची, निळी ज्योत आली की चांगली. पेटते यावरून दारू कडक आहे एवढंच समजतं. मिथेनॉलही निळसरच जळतं, आणि इथेनॉलमध्ये मिसळलेलं मिथेनॉल ज्योतीवरून कुणालाही ओळखता येत नाही. वासावरून नाही, चवीवरूनही नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते.

घरच्या वाइनमध्ये धोका काहीच नाही असं मात्र समजू नका. जो आहे तो वेगळा आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

झाकण घट्ट लावावं म्हणजे हवा लागत नाही, हा सल्ला त्यातला पहिला. एका लिटरमधली १७० ग्रॅम साखर पूर्ण आंबली की साधारण १० टक्के अल्कोहोल होतं, आणि सोबत सुमारे ४५ लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. काचेच्या बंद बाटलीत तो मावणार कसा? बाटल्या फुटून डोळ्यात काच गेली तर त्या अंधत्वाला मिथेनॉल लागत नाही. वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही अशी वाट ठेवावी लागते.

बेकरीच्या यीस्टची भीती मात्र खोटी, ते विषारी नसतं. ते आणि वाइनचं यीस्ट एकाच जातीचं, सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. वाण वेगळा म्हणून चव वेगळी. यीस्ट दुप्पट घातल्याने दारू दुप्पट कडक होत नाही, अल्कोहोल किती होणार हे साखर ठरवते.

भांडं कुठलंही चालतं, हेही खरं नाही. कल्हई नसलेल्या पितळेत ताक कळकतं हे आपल्या आज्यांना माहीत होतं. वाइनही आम्ल आहे आणि ती आठवडेच्या आठवडे भांड्यात बसून असते. काच, स्टील किंवा खाण्याच्या दर्जाचं प्लास्टिक, एवढंच.

आंबलं की सगळे जंतू मरतात असंही ऐकू येतं. अमेरिकेत युटा राज्याच्या तुरुंगात २०११ मध्ये कैद्यांनी फळं आणि साखर घालून चोरून दारू लावली, त्यात जपून ठेवलेला एक भाजलेला बटाटा टाकला. ८ जणांना बॉटुलिझम, म्हणजे एका जंतूच्या विषाने होणारा लकवा, झाला. जमिनीतून येणारी कंदमुळं आणि उबदार बंद पिशवी हा त्या जंतूला हवा तसाच संसार होता. वाइनवर हिरवी-काळी केसाळ बुरशी आली तर वरची काढून खालची पिऊ नये, सगळी ओतून द्यावी.

घरची आहे, फळांची आहे, म्हणून औषधी? कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, आयएआरसीने, मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. त्या यादीत घरचं आणि बाहेरचं असा भेद नाही.

"विकत नाही ना, मग गुन्हा कसला?" महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ च्या कलम १२ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं हाच गुन्हा आहे, आणि अल्कोहोल असलेलं कुठलंही द्रव मद्याच्या व्याख्येत बसतं. वसई-गोराईकडच्या ईस्ट इंडियन घरांत नाताळासाठी काळ्या द्राक्षांची वाइन पिढ्यान्‌पिढ्या लागत आली आहे, पण कायद्याच्या शब्दांत तिला वेगळी जागा नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, तरी कायदा आज असा आहे. अमेरिकेतल्या मराठी मंडळींना १९७८ च्या कायद्यानंतर घरी पिण्यापुरती बिअर लावता येते. गाळण्याला मात्र त्या कायद्यानेही परवानगी दिली नाही.

शेवटचा गैरसमज जीव घेणारा आहे: "जास्त झालीय, झोपू दे, सकाळी उतरेल." साध्या दारूची नशा बहुतेक वेळा सकाळी उतरते. मिथेनॉलचं उलट असतं. ते स्वतः फार विषारी नाही. यकृत त्याचं फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक आम्ल करतं, आणि ते आम्ल डोळ्यांच्या नसा मारतं. याला साधारण १२ ते २४ तास लागतात, सोबत इथेनॉल प्यायलेलं असेल तर त्याहून जास्त. म्हणून प्यायल्याच्या दुसऱ्या दिवशी उलट्या, पोटात कळा, धाप, डोळ्यांसमोर धुकं किंवा बर्फ पडल्यासारखं दिसणं सुरू झालं, तर ती उतरण्याची लक्षणं नाहीत. थेट मोठ्या इस्पितळात न्या, जिथे डायलिसिस होतं. फोमेपिझोल किंवा मोजून दिलेलं इथेनॉल हा उतारा आहे, कारण दोन्ही यकृताला मिथेनॉल तोडू देत नाहीत. घरी आणखी दारू पाजून तो साधत नाही, वेळ तेवढा जातो. काय प्यायला, किती वाजता, कुठून आणली, हे डॉक्टरांना पोलिसांच्या भीतीने लपवू नका. आणि त्याच ठिकाणची दारू आणखी कुणी प्यायलं असेल तर त्यांनाही घरून उठवून घेऊन जा, त्यांना अजून काहीच होत नसलं तरी.