विश्लेषण : खान्देशी बँडचा आवाज एवढा मोठा का? आणि चाहत्यांना तो एवढा का आवडतो?

जळगाव-धुळ्यात लग्नाची तारीख ठरली की मंगल कार्यालयाइतकीच घाई बँडची सुपारी देण्याची असते. बेंजो, पावरीची धून आणि छातीत घुमणारा ठेका यांवर तरुणाई फिदा आहे. हा आवाज अंगात का भिनतो, त्याची किंमत कोण मोजतो आणि मजा राखून कान वाचवता येतात का, याचा आढावा.

खान्देशी बँड म्हणजे नेमके काय?

एकेकाळी बँड म्हणजे लाल-निळा गणवेश, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, साइड ड्रम असे चित्र होते. इंग्रजी लष्करी बँडवरून आलेला हा प्रकार देशभरातील लग्नांत रुजला. खान्देशात आज लोकप्रिय असलेला बँड मात्र त्याहून बराच वेगळा आहे. सजवलेल्या गाडीवर स्पीकर, सोबत जनरेटर, इलेक्ट्रिक बेंजो, कीबोर्ड, ऑक्टोपॅड, ढोल-ताशे आणि माइकवर गाणारा गायक असा सगळा ताफा वरातीपुढे सरकत असतो.

पॉप संगीतातील प्रयोगांची चर्चा होते तेव्हा बहुधा परदेशी गटांची नावे घेतली जातात. इथे जपानी वंशाचा बेंजो, सातपुडा-सह्याद्रीतील आदिवासी पावरी, कॅसिओचा कीबोर्ड, हिंदी सिनेमातील गाणी आणि अहिराणी बोली एकाच गाडीवर नांदतात. वाजवणारे याला प्रयोग म्हणत नाहीत, पण तो प्रयोगच आहे.

बेंजो आला कुठून?

नाव अमेरिकी बँजोचे असले तरी आपल्याकडचा बेंजो त्या घराण्यातला नाही. त्याचे मूळ ‘ताइशोगोतो’ या जपानी वाद्यात आहे. नागोया शहरातील मोरिता गोरो यांनी १९१२मध्ये ते तयार केले. टाइपरायटरसारखी बटणे दाबायची आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या, अशी त्याची रचना. भारतात ते बुलबुल तरंग म्हणून घरोघरी पोहोचले. पुढे त्याला पिकअप जोडून आवाज ॲम्प्लिफायरमधून काढता येऊ लागला आणि घरातले वाद्य रस्त्यावर आले. मुंबईतील बेंजो पार्ट्यांवर रवी जाधव यांनी २०१६मध्ये ‘बँजो’ हा हिंदी चित्रपटही काढला.

धातूच्या तारांमुळे बेंजोचा सूर धारदार असतो. ढोल-ताशांच्या गदारोळातही तो वेगळा ऐकू येतो. म्हणूनच मिरवणुकीसाठी तो इतका सोयीचा ठरला.

पावरीची धून म्हणजे काय?

पावरी हे भोपळा आणि बांबूपासून बनवलेले फुंकवाद्य. धुळे, नंदुरबार आणि लगतच्या डांग भागातील कोकणा, भिल्ल समाजांत ते वाजवले जाते. साक्री तालुक्यात मार्गशीर्षात होणाऱ्या डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात तिचे विशेष महत्त्व असते. पावरीचा अखंड, घोळवत जाणारा सूर आता कीबोर्डवर आणि बेंजोवर वाजवला जातो. लग्नात ‘पावरी लावा’ अशी फर्माईश आली की नाचणाऱ्यांच्या रांगा आपोआप जुळतात.

मोठ्या आवाजाचे वेडही या भागाला स्पीकरने लावलेले नाही. होळीआधी सातपुड्यात भरणाऱ्या भोंगऱ्या बाजारात पावरा समाजाचे भलेमोठे ढोल घुमतात. विजेशिवाय घुमणाऱ्या त्या ढोलाचा दणकाही छातीत जाणवतोच. फरक एवढाच, की ढोल वाजवणाऱ्याचे हात थकतात. ॲम्प्लिफायर थकत नाही.

चाहते नेमके कशावर फिदा आहेत?

पहिले कारण, आपली भाषा. २०११च्या जनगणनेत खान्देशी या नोंदीखाली सुमारे १८ लाख ६० हजार भाषकांची गणना झाली असून त्यात अहिराणी बोलणाऱ्यांचा वाटा सर्वाधिक आहे. शाळा-कचेरीत ही बोली फारशी ऐकू येत नाही. ती रस्त्यावर, मोठ्या आवाजात, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी वाजते ती बँडवर. ‘हाई झुमका वाली पोर’सारखी अहिराणी गाणी यूट्यूबवर कोट्यवधी वेळा पाहिली गेली आणि लग्नात बँडवर ती हमखास मागितली जातात. श्रावणात कानबाईच्या विसर्जन मिरवणुकीतही देवीची गाणी याच थाटात वाजतात.

दुसरे कारण, समोर घडणारी करामत. डीजे तयार गाणे लावतो. बँडमधला बेंजोवादक मात्र समोरची गर्दी पाहून तुकडा लांबवतो, लय चढवतो, मध्येच थांबून पुन्हा उसळी घेतो. नवरदेवाचे मित्र दमले की ठेका सैल होतो, नोटा ओवाळल्या गेल्या की पुन्हा घट्ट होतो. जाणकार चाहते दोन सुरांत वादक ओळखतात. मोबाइलवर चित्रीकरण करून बँडचे आणि गावाचे नाव टाकून व्हिडीओ चढवले जातात. त्यावरून पुढच्या सुपाऱ्याही मिळतात.

तिसरे कारण, एकत्र नाचण्याचा आनंद. वरातीत नाचायला तिकीट लागत नाही, नाच शिकलेला असावा लागत नाही. मामा, मावशी, शेजारची पोरे सगळे एकाच ठेक्यावर येतात. आवाज इतका मोठा असतो की बोलता येत नाही. उरतो तो फक्त नाच.

मोठा आवाज अंगात का भिनतो?

याला शरीरशास्त्राचाही आधार आहे. आतल्या कानात ऐकण्याच्या अवयवाशेजारीच तोल सांभाळणारे अवयव असतात. मँचेस्टर विद्यापीठातील नील टॉड आणि फ्रेडरिक कोडी यांनी २०००मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार सुमारे ९० डेसिबलच्या वर वाजणारे ठेकेदार संगीत यातील ‘सॅक्युल’ या भागाला उत्तेजित करू शकते. म्हणजे आवाज नुसता ऐकू येत नाही, तर झोक्यावर बसल्यासारखी हालचालीची जाणीवही होऊ शकते.

दुसरा अभ्यास कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाचा. तिथे ‘ऑर्फिक्स’ या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या जोडगोळीच्या प्रत्यक्ष कार्यक्रमात संशोधकांनी अतिखर्ज आवाजाचे खास स्पीकर ठरावीक अंतराने चालू-बंद केले. हा आवाज कानाला वेगळा ओळखूही येत नव्हता. तरीही तो चालू असताना प्रेक्षकांची हालचाल सरासरी ११.८ टक्क्यांनी वाढली. हे निष्कर्ष २०२२मध्ये ‘करंट बायोलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नाचायला लावतो तो खर्ज, कानठळ्या बसवणारी किणकिण नव्हे, असे यावरून दिसते.

जगात असे वेड कुठे आहे?

ब्रिटनमधील ‘द हू’ या रॉक गटाच्या १९७६मधील लंडनच्या कार्यक्रमात ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल आवाज मोजला गेला आणि ‘गिनेस बुक’ने त्याची सर्वांत मोठ्या आवाजाचा गट म्हणून नोंद केली. पुढे अशा स्पर्धेने कान जातात म्हणून गिनेसने ही नोंदच बंद केली. याच गटाचे गिटारवादक पीट टाउनशेंड यांनी आपली श्रवणशक्ती बिघडल्याचे अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे.

डब्लिनमध्ये सुरू झालेला ‘माय ब्लडी व्हॅलेंटाइन’ हा प्रयोगशील गटही कार्यक्रमांतील प्रचंड आवाजासाठी ओळखला जातो. एका गाण्याच्या मध्यावर कित्येक मिनिटे केवळ आवाजाचा लोळ उठवणे ही त्यांची खासियत. चाहते त्यासाठीच जातात. पण २००८मधील पुनरागमनाच्या कार्यक्रमांत प्रेक्षकांना दारातच कानात घालायचे बोळे दिले गेले. आवाज कमी झाला नाही, पण कानांची सोय झाली.

डेसिबलचे गणित कसे असते?

डेसिबल ही साधी बेरीज नाही. आवाज ३ डेसिबलने वाढला की त्यातील ऊर्जा दुप्पट होते, १० डेसिबलने वाढला की दसपट. साधे बोलणे सुमारे ६० डेसिबलचे असते. कामगारांच्या सुरक्षेसाठी अमेरिकेतील ‘एनआयओएसएच’ ही संस्था ८५ डेसिबलला दिवसाला आठ तासांची मर्यादा सांगते. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास, १०० डेसिबलला १५ मिनिटे आणि १०६ डेसिबलला चार मिनिटांहूनही कमी. वरात मात्र दोन-तीन तास चालते.

अंतराचे गणितही महत्त्वाचे आहे. मोकळ्या जागेत स्पीकरपासूनचे अंतर दुप्पट केले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. गावातील अरुंद गल्लीत मात्र दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून तो परततो, त्यामुळे तेवढा उतरत नाही. त्यातही खर्ज भिंती सहज ओलांडतो. म्हणून बँड चौकात असतानाही तीन घरे आतल्या खोलीतल्या आजारी माणसाला तो ऐकू येतो.

सर्वाधिक धोका कुणाला?

नाचणारा तरुण वर्षातून चार-सहा वरातींत असतो. बेंजोवादक, गायक, गाडीचा चालक आणि जनरेटर सांभाळणारा मुलगा मात्र तुळशीविवाहानंतरच्या अख्ख्या लग्नसराईत रोज स्पीकरजवळ असतात. ज्या कानांवर त्यांचे पोट आहे, तेच कान ते पणाला लावतात. हंगाम संपल्यावर अनेक जण शेती-मजुरीकडे वळतात. कानांची तपासणी त्यांच्या हिशेबात नसते.

नुकसान चोरपावलांनी होते. आतल्या कानात सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. बहुधा पहिला फटका ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजांना बसतो. मग ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखी अक्षरे निसटू लागतात. समोरचा बोलतोय हे कळते, काय बोलतोय ते कळत नाही. वरातीनंतर कानात शिट्टी वाजणे किंवा कान बंद झाल्यासारखे वाटणे हा पहिला इशारा असतो. सकाळी बरे वाटले म्हणजे काहीच झाले नाही, असे नसते. खांद्यावर बसवून स्पीकरजवळ नेलेल्या लहान मुलांना तर दुखते आहे हे सांगताही येत नाही.

कायदा काय सांगतो?

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. व्यावसायिक भागात ती अनुक्रमे ६५ आणि ५५ आहे. रुग्णालय, शिक्षणसंस्था, न्यायालय यांच्याभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र मानता येतो आणि तिथे वाद्य वाजवण्यासही मनाई आहे. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर तो लावता येत नाही. सण-उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्री १२पर्यंत मुभा देऊ शकते, पण घरच्या लग्नासाठी नियमांत वेगळी सवलत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५मध्ये या नियमांची काटेकोर अंमलबजावणी करण्यास सांगितले. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१६मध्ये तसाच सविस्तर निकाल दिला.

सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबलने अधिक किंवा ७५ डेसिबल, यांपैकी जे कमी असेल त्याहून जास्त नसावा, असेही नियम सांगतो. म्हणजे निवासी भागात दिवसा ही मर्यादा ६५ डेसिबलची, साध्या बोलण्याहून थोडीच वर. वरातीतला आवाज आणि कागदावरचा आकडा यांतील दरी इतकी मोठी आहे, की वाद झाला की वाजवणारे आणि तक्रार करणारे दोघेही नाराज होतात. अनेकदा कारवाईचा फटका बसतो तो सुपारी घेऊन आलेल्या वादकांना. आवाज वाढवा म्हणणारे यजमान बाजूलाच राहतात.

आवाज उतरवला तर मजा जाईल का?

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी सुरक्षित श्रवणाचे मानक जाहीर केले. १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये, आवाज मोजत राहावा, कानाचे बोळे उपलब्ध ठेवावेत आणि शांत बसायला जागा असावी, असे ते सांगते. आपल्या नियमांच्या तुलनेत हा आकडा खूपच सैल आहे आणि तो वस्तीतल्या शेजाऱ्यांसाठी नाही, ऐकायला आलेल्यांच्या कानांसाठी आहे. पण त्यातून एक दिशा मिळते.

बँडला लगेच करता येण्याजोगे काही आहे. स्पीकरची तोंडे कानाच्या पातळीवरून हलवणे, नाचणारे आणि गाडी यांच्यात चार-पाच मीटर अंतर राखणे, तारस्वरातील किणकिण कमी करणे, दर तासाला थोडा थांबा घेणे, रुग्णालय-शाळेसमोर केवळ ढोलही न वाजवता पुढे सरकणे. वादकांसाठी फोमचे बोळे काही रुपयांत मिळतात. नीट बसवले तर १५ ते २५ डेसिबल आवाज अडतो आणि ठेका तरीही अंगाला जाणवतो. यजमानांनी सुपारी देतानाच वेळ आणि आवाज यांची अट घातली, तर ऐनवेळी पोलिसांसमोर मान खाली घालण्याची वेळ वादकांवर येणार नाही.

चाहत्यांना बेंजोवादकाचा हात आवडतो, पावरीची धून आवडते, आपली बोली चौकात वाजलेली आवडते. यांतल्या एकाही गोष्टीला ११० डेसिबल लागत नाहीत. उलट तो हात आणि ती धून अजून वीस लग्नसराया ऐकायची असेल, तर वाजवणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे कान शाबूत राहायला हवेत.