पाचवा सेक्शन: गेलेल्या माणसांना डेटात जागा कुठे?

सॅन फ्रान्सिस्को गे मेन्स कोरस या गायकवृंदात चार सेक्शन असतात: पहिला टेनर, दुसरा टेनर, बॅरिटोन आणि बास. सोप्या भाषेत, उंच पट्टीपासून खर्जापर्यंतचे चार आवाज. पण कोरसमधली माणसं पाचव्या सेक्शनबद्दलही बोलतात. त्या सेक्शनमध्ये कुणी गात नाही. कोरसचे जे सदस्य वारले, ते त्यात. एकट्या एड्सने गेलेलेच तीनशेहून जास्त आहेत.

परतूरला बसून हा विषय कशाला, असं तुम्हाला वाटेल. त्याचं कारण म्हणजे पीएचडीच्या मुलाखतीत विचारला जाणारा एक साधा प्रश्न: तुमच्या डेटात कोण नाही? एम.एस्सी.ला आपण सर्व्हायवरशिप बायस शिकतो, म्हणजे जे टिकले त्यांच्याकडेच बघून सगळ्यांबद्दल निष्कर्ष काढणं. उदाहरण ठरलेलं, दुसऱ्या महायुद्धातली विमानं आणि त्यांवरची गोळ्यांची भोकं. विमानं आता पुरे. माणसं घेऊ.

हा कोरस १९७८ साली सुरू झाला. तालमी सुरू होऊन महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात २७ नोव्हेंबरला शहराचे महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि उघडपणे समलिंगी असलेले लोकप्रतिनिधी हार्वी मिल्क यांची हत्या झाली. त्या रात्री सिटी हॉलच्या पायऱ्यांवर हा कोरस लोकांसमोर पहिल्यांदा गायला. म्हणजे पहिला कार्यक्रमच शोकाचा. पुढे जून १९८१ मध्ये अमेरिकेच्या सरकारी साप्ताहिक अहवालात लॉस एंजेलिसच्या पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद आली आणि एड्सची साथ जगाला कळायला लागली. कोरसचे संस्थापक जॉन सिम्स १९८४ साली एड्सनेच गेले. एकत्र अनेक औषधं देण्याचा परिणामकारक उपचार १९९६च्या सुमारास आला. मधली वर्षं तालमीला गेलं की कोण आलं नाही हे आधी बघायचं, अशी.

आता १९९३चा एक फोटो बघा, 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'च्या एरिक लूस यांनी काढलेला. मोजके पुरुष पांढऱ्या कपड्यांत आपल्याकडे तोंड करून उभे आहेत. बाकी सगळे काळ्या कपड्यांत, पाठमोरे. पांढऱ्यातले म्हणजे मूळ कोरसपैकी तेव्हा हयात असलेले, काळ्यातले म्हणजे एड्सने गेलेल्यांची जागा. फोटो मोबाईलवर अजून फिरतो आणि लोक पटकन गणित मांडतात: पांढरे भागिले एकूण, म्हणजे वाचलेल्यांचं प्रमाण.

इथे थांबा. छेद कोणता धरला? पांढरे मोजले ते फक्त मूळ तुकडीतून. पण गेलेल्यांमध्ये नंतरच्या वर्षांत आलेलेही होते. शिवाय कुणी कोरस सोडून दुसऱ्या शहरात गेला असेल, कुणी हृदयविकाराने वारला असेल. त्यांना या फोटोत कुठलाच रंग नाही. आणि पाठमोरे उभे असलेले स्वतः तर जिवंत गायकच होते, दुसऱ्याच्या नावाने उभे राहिलेले! फोटोत दोष नाही. तो शोकासाठी काढला, दर काढण्यासाठी नव्हे. चूक त्याचा तक्ता करणाऱ्याची.

संख्याशास्त्रात याला उपाय आहे, सेन्सॉरिंग. समजा एक बास गायक १९८० ला आला आणि १९८५ ला गाव सोडून गेला. त्याला डेटातून काढायचं नाही आणि मेलेला धरायचं नाही. पाच वर्षं तो जिवंत होता, एवढंच आपल्याला माहीत आहे, आणि तेवढी पाच वर्षं मोजायची. कॅप्लान आणि मायर यांची १९५८ची पद्धत याच कल्पनेवर उभी आहे. पण त्यासाठी एक गोष्ट आधी हवी: कोण कधी आलं आणि कधी दिसेनासं झालं, याची वही. कोरसकडे ती वही असते. आपल्याकडच्या भजनी मंडळातही टाळकरी गेला तर त्याचे टाळ दुसऱ्याकडे जातात, पण ही चाल अमुक बुवांची, असं म्हणून नाव मागे राहतं.

मग महाराष्ट्रात अशी वही कुठे शोधायची? मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक १९९० ला निघालं, हमसफर ट्रस्ट १९९४ ला उभा राहिला. रेनबो व्हॉइसेस मुंबई हा एलजीबीटीक्यू गायकांचा कोरस मात्र २०१४ चा. भारतात एचआयव्हीचं निदान पहिल्यांदा झालं १९८६ मध्ये आणि सरकारी मोफत एआरटी औषधं सुरू झाली १ एप्रिल २००४ ला. म्हणजे सर्वात वाईट वर्षं संपल्यावर आपल्याकडे कोरस आला. त्याआधी जे गेले त्यांचं नाव पुकारायला स्टेजच नव्हतं. वर कलम ३७७ होतंच, ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापर्यंत.

तुम्ही म्हणाल, मृत्यूची नोंद तर सरकारकडे असतेच. असते, पण ती वाचायची कशी ते बघा. डॉक्टर जो मृत्यूच्या कारणाचा दाखला भरतात (दवाखान्यात फॉर्म ४, घरच्या मृत्यूसाठी ४अ), त्यात वर तात्कालिक कारण आणि खाली मूळ कारण लिहायचं असतं. वर क्षयरोग आणि खाली एचआयव्ही लिहिलं, तर आयसीडी-१० मध्ये कोड पडतो बी२०.०. खालची ओळ कोरी राहिली की तोच मृत्यू ए१५ ते ए१९ मध्ये, साध्या क्षयरोगात जाऊन बसतो. माणूस तोच, खोकला तोच, रकाना वेगळा. खालची ओळ नातेवाइकांच्या विनंतीवरून कोरी राहिली की घाईत, हे कागदावरून कळत नाही.

यावर तोड म्हणून व्हर्बल ऑटॉप्सी करतात: घरच्यांना लक्षणं विचारायची आणि त्यावरून डॉक्टरांनी कारण ठरवायचं. भारतातल्या ११ लाख घरांच्या पाहणीतून एचआयव्हीच्या मृत्यूंचा अंदाज असाच काढला गेला आणि २०१० मध्ये छापून आला. पद्धत चांगली आहे. पण घरचे सांगू शकतात तेवढंच तिच्यात येतं. ताप किती दिवस होता हे आई सांगेल. त्याच्याबरोबर कोण राहायचं, तो कुणाबरोबर गायचा, हा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही. कोरसची वही तेच सांगते, आणि म्हणून माझ्या मते ती सरकारी नोंदीइतकीच महत्त्वाची आहे.

अमेरिकेत याच शोकातून १९८७ साली एड्स मेमोरियल क्विल्ट निघाली. तिला आपण सरळ गोधडी म्हणू, कारण गेलेल्या माणसाचे कपडेही तिच्यात शिवलेले असतात. एकेक तुकडा तीन फूट बाय सहा फूट, साधारण कबरीएवढा. त्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला ती पसरली तेव्हा १,९२० तुकडे होते. काही तुकड्यांवर पूर्ण नाव नाही. संशोधकाने तिथे 'डेटा अपूर्ण' लिहून पुढे जाऊ नये. नाव का नाही, हीसुद्धा एक नोंदच आहे.

परतूरसारख्या गावात तर ही अडचण दुप्पट. नाव काढून टाकलं म्हणजे ओळख गेली, असं एथिक्स कमिटीच्या फॉर्मवर आपण लिहितो. पण 'वय ३१, शिंपीकाम, स्टेशनजवळ राहायचा' एवढं छापलं तरी निम्मं गाव नाव सांगेल. पुण्यात ही तीन वाक्यं चालतील, इथे नाही. गाव लहान तसं तपशील जाड करा: वयाऐवजी दशक, धंद्याऐवजी 'कारागीर', गावाऐवजी जिल्हा. एचआयव्हीबद्दल २०१७ चा कायदाही आहे. विश्वासाने कळलेली दुसऱ्याची स्थिती लेखी संमतीशिवाय उघड करता येत नाही. आणि मेलेल्याची संमती मिळत नाही म्हणून प्रश्न सुटत नाही. त्याची बहीण त्याच गल्लीत राहते.

अशा विषयावर मुलाखती घेणार असाल, तर 'कशाने गेला' हा पहिला प्रश्न ठेवू नका. 'तेव्हा तुमच्यात कोण कोण होतं?' असं विचारा. कुणाचं नाव घ्यायचं ते समोरचा माणूस ठरवेल. तो नुसतं म्हणाला की एक होता, आवाज फार चांगला होता, तर तेवढंच लिहून घ्या, आणि तुमच्या तक्त्यात त्याला एक धरा.