लेआउट, ट्रेक आणि तबला: तीन छंद एका आठवड्यात कसे बसवायचे?

(या भागाचं लिखित रूप. इअरफोन घरी राहिले असतील, तर आरामात वाचा.)

गेल्या काही भागांनंतर तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: "दादा, मॉडेल रेल्वे भारी वाटते, पण जॉब, जिम, गिटार, ट्रेक या सगळ्यात हे बसवायचं कुठे?" आज त्यावरच बोलू. आधी एक कबुली देतो. मला स्वतःला हे दीड वर्ष अजिबात जमलं नव्हतं.

मी शाळेपासून तबला शिकतोय. मग वर्क फ्रॉम होमच्या काळात मॉडेल रेल्वेचं वेड लागलं आणि तबल्यावर धूळ बसली. आधी "या आठवड्यात नको, सर" झालं, मग फोन करणंच बंद. दीड वर्षाने क्लासला गेलो आणि साधा तीनतालचा कायदा दुगुनीत वाजेना. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "हात विसरत नाही रे, पण रुसतो." सर आता सत्तरीत आहेत. त्यांच्यासमोर बसायला मिळणारे तास मोजकेच आहेत, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरलं. आईचं "एक ना धड भाराभर चिंध्या" तर लहानपणापासून ऐकत होतो, त्या दिवशी ते लागलं.

मग इंजिनिअरसारखा विचार केला: प्रॉब्लेम नक्की कुठे आहे?

मॉडेल रेल्वे हा एक छंद नाहीच

यात सुतारकाम आहे, वायरिंग आहे, डोंगर-झाडं बनवणं आहे, रंगकाम आहे, आणि हवं असेल तर कोडिंगही आहे. म्हणजे तुम्ही एक छंद घेतला असं वाटतं, पण घरात पाच येतात. म्हणून तो बाकीचं सगळं गिळतो. त्याला आवरायचं तर पहिला निर्णय जागेचा.

जरा गणित बघू. एचओ स्केल म्हणजे १:८७. आपला जुना निळा आयसीएफ डबा साधारण २१.३ मीटर लांब, एचओमध्ये तो साडेचोवीस सेंटीमीटर होतो. २४ डब्यांची गाडी करायची तर जवळजवळ सहा मीटर! वन बीएचकेच्या हॉलमध्ये गाडी सुरू होण्याआधीच संपेल. एन स्केल म्हणजे १:१६०. तिथे तोच डबा १३ सेंटीमीटरच्या आसपास. सहा डबे आणि एक इंजिन मिळून एक मीटरच्या आत बसतात.

आता घाट. कर्जत-लोणावळा चढ १:३७ चा आहे, म्हणून कर्जतला गाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. हाच चढ एचओमध्ये करून एक रूळ दुसऱ्यावरून न्यायचा असेल, तर वरचा रूळ साधारण साडेसात सेंटीमीटर उचलावा लागतो. ७.५ गुणिले ३७, म्हणजे पावणेतीन मीटर फक्त चढायला! उतरायला पुन्हा तेवढेच. मी आधी हे गणित न करताच प्लायवूड आणला होता. तो अजून पलंगाखाली आहे.

शेवटी मी टी-ट्रॅककडे वळलो. हे एन स्केलचे छोटे मॉड्यूल असतात. एकेरी मॉड्यूल साधारण ३१ सेंटीमीटर लांब, टेबलावर ठेवून एकमेकांना जोडायचं. सगळ्यात मोठा फायदा म्हणजे काम झालं की ते कपाटात जातं. जो छंद कपाटात ठेवता येतो, तोच बाकीच्यांना जागा देतो.

वेळ मोजू नका, काय थकलंय ते बघा

ही मला सर्वात उशिरा कळलेली गोष्ट. साध्या डीसी पद्धतीत रुळात जेवढा व्होल्टेज जास्त, तेवढी गाडी जोरात, आणि त्या रुळावरची सगळी इंजिनं एकत्रच पळतात. डीसीसी पद्धतीत रुळात वीज कायम असते आणि तिच्यातूनच संदेश जातात. प्रत्येक इंजिनातल्या डीकोडरला स्वतःचा पत्ता असतो. नव्या डीकोडरचा पत्ता सहसा ३. नेटवर्कमधले पॅकेट्स आठवा, कल्पना तीच. डीसीसी-ईएक्स नावाच्या ओपन सोर्स प्रोजेक्टमुळे अर्डुइनो मेगावर स्वतःचा कंट्रोलर बनवता येतो.

भारी ना? मलाही वाटलं. पण दिवसभर ऑफिसचं डीबगिंग आणि रात्री अर्डुइनोचं डीबगिंग. सलग तीन आठवडे एकही गाडी पळाली नाही आणि डोळे मात्र लाल. छंद म्हणून मी दुसरी शिफ्टच करत होतो.

आता नियम सोपा आहे. डोळे आणि डोकं थकलं असेल तर तबला. पाय आखडले असतील तर टेकडी. निवांत, हातांना काम हवं असेल तर लेआउट. कोडिंग फक्त सुट्टीच्या दिवशी सकाळी.

कामांचे तीन आकार

माझ्याकडे तीन याद्या असतात. पंधरा मिनिटांची कामं: रूळ पुसणं, एखादा डबा रंगवणं. एका संध्याकाळची: एका मॉड्यूलचं वायरिंग. आख्ख्या रविवारची: डोंगर उभा करणं. बुधवारी रात्री रविवारचं काम काढलं की झोप गेलीच म्हणून समजा.

आणि या छंदात वाट बघणं भरपूर आहे, त्याचा फायदा घ्या. रुळांमध्ये खडी पसरली, वरून पाणी घातलेला फेविकॉल आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब सोडला, की रात्रभर हात लावायचा नाही. तेव्हाच रियाज. मी खडी मुद्दाम क्लासच्या आदल्या दिवशी चिकटवतो. बोटाने टोचून बघायचा मोह तरी टळतो!

एक गोष्ट ऑफिसमधून उचलली: एका वेळी एकच काम उघडं. ते संपेपर्यंत नवा किट उघडायचा नाही. पैशांचंही तसंच. तिन्ही छंदांचं महिन्याचं एकच पाकीट. ट्रेकचे शूज घेतले की त्या महिन्यात इंजिन नाही.

आपला कॅलेंडर वेगळा आहे

परदेशी व्हिडिओंमध्ये हिवाळा म्हणजे घरात बसून लेआउट करायचा मोसम. आपल्याकडे उलट बघा. पावसाळ्यात प्लास्टर वाळत नाही, प्लायवूड फुगतो, दमट हवेत रूळ लवकर काळवंडतात. मग भांडायचं कशाला? जून ते सप्टेंबर ट्रेक करायचे आणि कातळाचे फोटो काढून आणायचे. सह्याद्रीचा बेसाल्ट काळपट, थराथरांचा असतो. परदेशी किटमधल्या राखाडी दगडासारखा नाही. माझ्या मॉड्यूलवरचा कडा अशाच एका ट्रेकच्या फोटोवरून झाला. दोन छंद असे एकमेकांना खाऊ घालू लागले की ओढाताण कमी होते.

तुलना करू नका

हॅम्बुर्गचं मिनिएचर वंडरलँड २००१ मध्ये ब्राउन या जुळ्या भावांनी सुरू केलं. तिथे मोठा पगारी स्टाफ आहे. आपल्या कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वे म्युझियम १९९८ मध्ये खुलं झालं, त्यामागे भाऊसाहेब जोशींचा आयुष्यभराचा ध्यास आहे. दोन्ही बघून खूश व्हा, पण आपल्या मंगळवार संध्याकाळच्या दीड तासाशी त्याची तुलना नको.

खरं सांगतो, माझे दोन वर्षांत चारच मॉड्यूल झालेत. लूपसुद्धा पूर्ण नाही. गाडी जाते आणि उलटी परत येते. पण गुरुवारचा क्लास चुकत नाही. मागच्या महिन्यात तोच कायदा दुगुनीत नीट वाजला. सर काही बोलले नाहीत, फक्त पुढचा पलटा सांगितला. मला तेवढं पुरलं.

तर मंडळी, आज एवढंच करा: तुमचा कोणता छंद रुसलाय, ते आठवा आणि या आठवड्यात त्याला पंधरा मिनिटं द्या. भेटू पुढच्या भागात. तोवर रूळ पुसत राहा, आणि खडी वाळेपर्यंत हात लावू नका!