सीटची कच्ची शिवण

1983च्या डिसेंबरात मारुती 800 आली, तेव्हा घरात गाडी येणं म्हणजे पेढे वाटायचा प्रसंग. शोरूममधून निघालेली गाडी आधी देवळात जायची, मग सीट कव्हरवाल्याकडे. कंपनीचं कापड मळू नये म्हणून वर रेक्झिन, रेक्झिन तापतं म्हणून त्यावर टॉवेल, पाठ धरते म्हणून आणखी वर लाकडी मण्यांचं जाळं. गाडी विकेपर्यंत मूळ सीट न पाहिलेले मालक मला ठाऊक आहेत! त्याने बिघडत मात्र काही नव्हतं. सीटच्या आत स्पंज आणि स्प्रिंगांखेरीज होतं काय?

तिकडे स्वीडनच्या व्होल्वोने 1994 साली 850 या गाडीत बाजूची एअरबॅग आणली, ती सीटच्या पाठीत, दाराकडच्या कडेला. सीट पुढेमागे सरकवली तरी बॅग बरगड्यांजवळच राहावी, हा हिशोब. समोरून धडक बसली तर मध्ये अख्खं बॉनेट असतं. बाजूने बसली तर दार वीतभर अंतरावर. म्हणून ही बॅग सेकंदाच्या पन्नासाव्या भागात फुगावी लागते. ती बाहेर येते सीटची मुद्दाम कच्ची ठेवलेली शिवण उसवून. त्या शिवणीवर दुहेरी टाक्यांचा जाड झगा चढला, की बॅग अडकते, उशिरा येते किंवा भलतीकडेच वळते.

आपल्याकडे जुलै 2019 पासून चालकासाठी आणि 2021 संपताना शेजारच्यासाठी एअरबॅग सक्तीची झाली. त्या दोन्ही स्टिअरिंग आणि डॅशबोर्डमधल्या, त्यामुळे कव्हरवाल्यांचा धंदा निवांत चालू राहिला. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर गाडीच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले आणि गाडीतल्या सुरक्षेवर घरोघरी बोलणं सुरू झालं. सहा एअरबॅगांची प्रस्तावित सक्ती मात्र आधी वर्षभर लांबली, मग 2023 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी ती करणार नसल्याचं सांगून टाकलं. जे कायद्याने झालं नाही ते स्पर्धेने केलं. ह्युंदाईने 2023 मध्ये सगळ्या गाड्यांत सहा दिल्या, 2024च्या नव्या स्विफ्टमध्येही त्या आल्या. या सहांतल्या दोन बहुधा पुढच्या सीटमध्ये असतात.

मध्यंतरी नव्या गाडीसाठी कव्हर बघायला गेलो. “एअरबॅगवालं आहे ना?” “साहेब, सगळी एअरबॅगवालीच!” दुकानदाराने कडेचं ‘एअरबॅग’ लिहिलेलं लेबल दाखवलं. ते छान जाड नायलॉनच्या दोऱ्याने, बंद शिवणीवरच शिवलेलं होतं. मी कव्हर न घेता परतलो.

तुमच्या सीटच्या दाराकडच्या कडेला ‘एअरबॅग’ लिहिलेली बोटभर पट्टी आहे का, एकदा बघा. ती कव्हराखाली गेली असेल, तर ती कड उघडी ठेवणारं, गाडीच्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी दिलेलं कव्हर घ्या. नाहीतर आहे ते काढून टाका.