दोरा केसभर सरकला की

आवडत्या वादकासारखा आवाज यावा म्हणून गिटार वाजवणारी काही पोरं पायानं दाबायची डबी नि अ‍ॅम्प्लिफायर घरीच जोडतात. डबीत मूळ सुरावर बारीक उपसूर चढतात, तार भरदार वाजते. आपल्याकडे हे काम विजेशिवाय होतं, सांगली जिल्ह्यातल्या मिरजेत.

तिथले शिकलगार पूर्वी हत्यारं घडवायचे. एकोणिसाव्या शतकात ते सतार-तंबोऱ्याकडे वळले. 2024 मध्ये या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतातून.

खरी कारागिरी मात्र घोडीवर. तारा जिच्यावर टेकतात ती ही घोडी. तिचा माथा सपाट दिसतो, पण किंचित उतरता घासलेला असतो. तार त्याला हलकेच शिवत थरथरते नि झणकार उठतो. हीच जवारी. मग तारेखाली सुती दोरा घालतात. तो केसभर सरकवला की आवाज खुलतो किंवा मिटतो. कुणा गायकाला खुली जवारी हवी, कुणाला बंद. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँ तर वाद्यदुरुस्तीत स्वतःच तरबेज होते.

बायकांचा तंबोरा लहान, साधारण काळी चार-पाचचा. पुरुषांचा मोठा, काळी एकच्या आसपासचा. भजनात पेटीवाले भाऊ आपलीच पट्टी धरतात, अन् घसा बसतो आपला! मंडळासाठी तंबोरा घ्यायचा तर आधी आपली पट्टी सांगा, तिथंच बसून गाऊन बघा आणि दोरा आपल्यासमोर लावून घ्या.