चार गवंडी आणि बेचाळीस दिवस

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. या दोन गोष्टींची सांगड पूर्वजांनी का घातली असावी? पैसा दोहोंनाही लागतो, हे खरे. परंतु प्रश्न केवळ पैशाचा असता, तर निदान श्रीमंतांची घरे तरी ठरल्या दिवशी पुरी झाली असती. अनुभव तसा नाही. दोन्ही कार्यांत अनेक कामे एकाच वेळी माणसे मागतात आणि माणसे मात्र मोजकीच असतात. आहेत ते हात कोणत्या कामाला आधी द्यावयाचे, ही खरी अडचण होय. श्रोतेहो, बांधकामाच्या बाबतीत ही अडचण कशी सोडवितात, त्याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे.

एका खेड्यातील लहानशी शाळा डोळ्यांपुढे आणा. पाया आणि जोते तयार आहे. यापुढे भिंतींना १२ दिवस लागतील. नंतर सळया बांधून स्लॅब ओतण्यास ६ दिवस. त्यावर १४ दिवस नुसती वाट पाहावयाची. कारण खोलीची रुंदी सुमारे ५ मीटर आहे, आणि साडेचार मीटरांहून मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटच्या बाबतीत निदान १४ दिवस तरी काढू नयेत, असा आपल्या देशातील मानकांचा दंडक आहे. टेकू निघाल्यावर आतला गिलावा, त्याला १० दिवस. एकूण ४२ दिवस झाले. याशिवाय कुंपणाची भिंत बांधावयाची आहे, तिला १० दिवस. आणि पाण्याची टाकी, तिला ४ दिवस. भिंती, गिलावा, कुंपण आणि टाकी या प्रत्येक कामाला चार गवंड्यांची एक टोळी हवी, असे समजू.

उत्साही मुकादम काय करतो? तो सारी कामे पहिल्याच दिवशी सुरू करतो. त्याला १२ गवंडी लागतात. बाराव्या दिवशी सर्वांचे काम संपते आणि पुढचे २० दिवस, म्हणजे स्लॅब ओतून टेकू निघेपर्यंत, एकाही गवंड्याला काम उरत नाही. ती माणसे अर्थातच दुसरीकडे जातात. तेहतिसाव्या दिवशी गिलाव्यासाठी चार जण हवे असतात, तेव्हा त्यांना शोधत गावोगाव हिंडावे लागते.

आता असे समजा, की मुळात गवंडी चारच आहेत. मग शाळा लांबणार का? मुळीच नाही. प्रथम शाळेच्या भिंती उभ्या कराव्या. स्लॅबचे काम चालू असताना तेराव्या दिवसापासून बाविसाव्या दिवसापर्यंत कुंपण, आणि सव्विसाव्या दिवसापर्यंत टाकी पुरी करावी. मग सहा दिवसांची विश्रांती, आणि तेहतिसाव्या दिवशी गिलावा. शाळा बेचाळिसाव्याच दिवशी तयार! १२ माणसांनी जे साधले, तेच चौघांनी साधले. आणि त्या चौघांना सलग २६ दिवस रोजगारही मिळाला.

हा काही चमत्कार नव्हे. कुंपणाला १० दिवस लागतात आणि ते बेचाळिसाव्या दिवसापर्यंत केव्हाही पुरे झाले तरी चालते. म्हणजे त्याला ३२ दिवसांची सवड आहे. शाळेच्या भिंतींना मात्र एका दिवसाचीही सवड नाही. नियोजनशास्त्रात अशा बिनसवडीच्या कामांच्या साखळीला ‘निर्णायक मार्ग’ म्हणता येईल. तिच्यातील एक दिवस चुकला, तर सारा प्रकल्प एक दिवस लांबतो. म्हणून पहिला नियम असा, की तुटपुंजे साधन प्रथम बिनसवडीच्या कामाला द्यावे आणि सवडीच्या कामाने थांबावे. आता विटा कुंपणाजवळ उतरल्या, एवढ्याच कारणाने मुकादमाने त्याच चौघांना आधी कुंपणावर धाडले, तर शाळा ५२ दिवसांवर जाईल. चूक क्षुल्लक दिसते. किंमत मात्र दहा दिवसांची.

कामांचे तक्ते काढण्याची कला तशी जुनी आहे. पोलंडचे अभियंते कारोल आदामिएत्स्की यांनी १८९६ मध्ये असा एक तक्ता योजिला होता, आणि हेन्री गॅन्ट यांच्या पट्ट्यांचा तक्ता विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रसिद्धीस आला. निर्णायक मार्गाची गणिती पद्धत १९५७ च्या सुमारास अमेरिकेत मॉर्गन वॉकर आणि जेम्स केली यांनी बसविली. परंतु कामांचा क्रम आणि प्रत्येकाचा अवधी सांगितला, की ही पद्धत शेवटची तारीख काढून देते. तेवढे हात आपल्यापाशी आहेत काय, हे विचारणे वेगळेच राहते. अंथरूण न पाहता पाय पसरण्याचाच तो प्रकार. साधनांची मर्यादा हिशेबात धरली, की गणित फारच अवघड होते. कामे वाढली म्हणजे त्यांच्या संभाव्य क्रमांची संख्या इतकी अफाट होते, की मोठ्या प्रकल्पात आजचे संगणकही बहुधा सवडीसारख्या व्यवहारी नियमांचाच आधार घेतात.

कित्येकदा केवळ क्रम बदलून भागत नाही. आपल्या गावी एकाऐवजी तशाच दोन इमारती बांधावयाच्या आहेत, आणि गवंड्यांची टोळी एक व सेंट्रिंगच्या प्लेटा आणि टेकू यांचा संचही एकच आहे, असे समजा. काम १० एप्रिलला सुरू झाले. पहिल्या इमारतीत अडकलेला संच बत्तिसाव्या दिवशी सुटतो. तोवर दुसऱ्या इमारतीच्या भिंती केव्हाच उभ्या राहून वाट पाहत असतात. तिचा गिलावा संपतो बासष्टाव्या दिवशी, म्हणजे १० जूनला. तोपर्यंत मृग लागलेला असतो. पहिला पाऊस पडताच बिगारी पेरणीसाठी आपापल्या गावी निघून जातात. वर्ग भरण्याची वेळ येते, आणि मुलांना पुन्हा देवळाच्या ओवरीत बसावे लागते.

अशा वेळी गावकरी म्हणतात, “आणखी गवंडी लावा.” गवंडी दुप्पट केले तर काय होईल? दुसऱ्या इमारतीच्या भिंती बाराव्या दिवशीच पुऱ्या होतील, आणि त्या अधिक काळ वाट पाहतील; एवढेच. एकही दिवस वाचणार नाही. उलट गवंडी चारच ठेवून सेंट्रिंगचा दुसरा संच भाड्याने आणला, तर काम चोपन्नाव्या दिवशी, २ जूनला, मृगापूर्वी पुरे होईल. म्हणून दुसरा नियम असा, की पैसा ओतण्यापूर्वी अडले आहे कोठे, ते पाहावे. जेथे अडलेले नाही, तेथे केलेला खर्च खर्चच राहतो. त्यातून दिवस विकत मिळत नाही.

मोठ्या कामांनाही हाच न्याय लागू पडतो. कोकण रेल्वेचे काम १९९० मध्ये इ. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाले. सुमारे ७६० किलोमीटरांचा मार्ग, नव्वदांहून अधिक बोगदे, आणि दरवर्षी काम अडविणारा कोकणचा पाऊस. कठीण खडकातले बोगदे यंत्रांनी झपाट्याने खोदले. पण मऊ मातीच्या बोगद्यांत यंत्रे निरुपयोगी ठरली आणि हाताने, वीत वीत सरकावे लागले. माती पुनःपुन्हा कोसळली. कामगारांचे प्राणही गेले. अखेरीस सावंतवाडी ते पेडणे हा तुकडा तेवढा उरला, आणि सारा मार्ग गोव्यातील पेडण्याच्या एका बोगद्यासाठी खोळंबला. इतरत्र कितीही रूळ अंथरले असते, तरी गाडी एक दिवसही आधी धावली नसती. जानेवारी १९९८ मध्ये तो बोगदा पुरा झाला, तेव्हाच मुंबई आणि मंगळूर जोडली गेली.

दोन्ही नियम पाळूनही तारीख साधत नसेल, तर काय करावे? तारीख पुढे ढकलावी, आणि ते आरंभीच मोकळेपणाने सांगावे. तसे न करता टेकू चौदाव्याऐवजी आठव्या दिवशी काढले, तर कागदावरचे वेळापत्रक पाळले जाईल. पण त्याच स्लॅबखाली उद्या मुले बसावयाची आहेत. साधने थोडी असणे हा दोष नव्हे. आपल्यासारख्या देशात ती थोडीच असणार. आहेत ती किती आहेत, हे पहिल्या दिवशी न मोजणे, हा मात्र दोष खरा. चार गवंडी असतील, तर चारच आहेत असे समजून आखणी करावी. मग त्या चौघांचे हात बारा जणांचे काम करू शकतात.