वूफर डिकीत, दुखणं अर्थिंगमध्ये

गाण्याचा ठोका पडला की हेडलाइट मिणमिणते आणि अॅम्प्लिफायर मधूनच गप्प होतो. यावर दुकानातलं ठरलेलं निदान म्हणजे ‘बॅटरी कमी पडतेय, मोठी टाका’. गिऱ्हाईक पैसे मोजून मोठी बॅटरी बसवतं, तरी हेडलाइट काही सुधारत नाही. कारण इंजिन चालू असताना गाडीला वीज पुरवतो तो ऑल्टरनेटर. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असताना १२.६ व्होल्टच्या आसपास असते. इंजिन सुरू झालं की मीटर बहुधा १३.८ ते १४.४ दाखवतो. त्या वेळी बॅटरी स्वतःच चार्ज होत असते. मोठ्या बॅटरीचा खरा फायदा गाडी बंद करून गाणी ऐकणाऱ्यांना.

मग व्होल्टेज जातं कुठे? बहुतेकदा वाटेत. डिकीत १००० वॅट आरएमएसचा क्लास डी अॅम्प्लिफायर आहे आणि त्याची कार्यक्षमता ८० टक्के आहे असं धरू. पूर्ण आवाजात तो सुमारे ९० अँपिअर ओढेल. बॅटरीपासून डिकीपर्यंतची पाच मीटर वायर ८ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची असेल, तर तिच्यातच जवळजवळ एक व्होल्ट पडतो. २५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली की ही घट ०.३ व्होल्टवर येते. ‘वायर ती वायर’ हा समज इथेच महागात पडतो. त्यातही स्वस्त किटमधली वायर बऱ्याचदा वरून तांबं आणि आतून अॅल्युमिनियम अशी असते. तेवढ्याच जाडीत ती अस्सल तांब्याच्या जेमतेम दोन तृतीयांश वीज वाहते. टोक कापून ब्लेडने खरवडलं की आतला पांढरा धातू दिसतो. ही वायर वाईटच असं नाही, पण मग एक माप जाड घ्यावी लागते आणि ते दुकानदार सहसा सांगत नाही.

लाल वायरवर इतका खर्च करणारी मंडळी काळ्या वायरकडे मात्र बघतही नाहीत. गाडीचा पत्राच अर्थ, तेव्हा कुठेही स्क्रू मारला तरी चालतं, हा या धंद्यातला सर्वात चिवट गैरसमज. जेवढी वीज लाल वायरने डिकीत जाते, तेवढीच परत यावी लागते. रंगावर स्क्रू मारून केलेल्या जोडात १० मिलिओहम रोध असला, तर ९० अँपिअरला ०.९ व्होल्ट तिथेच जातो आणि ८१ वॅटची उष्णता तयार होते. मोठ्या सोल्डरिंग आयर्नएवढी, तीही कार्पेटखाली! रंग आणि प्रायमर घासून पत्रा चकचकीत करायचा, क्रिम्प केलेलं थिंबल बोल्टने घट्ट आवळायचं आणि वरून ग्रीस किंवा रंग लावायचा; कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत तर हे हवंच. सीटबेल्टचा बोल्ट आयता सापडतो म्हणून मोह होतो, पण सुरक्षेच्या बोल्टखाली थिंबल सरकवू नये.

परतीचा प्रवास डिकीतच संपत नाही. ऑल्टरनेटरचं निगेटिव्ह टोक म्हणजे त्याचं कवच, आणि ते इंजिनला बोल्टने जोडलेलं. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं. म्हणजे बॉडीतून ऑल्टरनेटरकडे परतणारी वीज इंजिनच्या अर्थपट्टीतून जाते. तेलाने माखलेली, हिरवट बुरशी चढलेली ती पट्टी कोणी तपासत नाही. म्हणूनच शौकीन ज्याला ‘बिग थ्री’ म्हणतात त्यात तीन जोड जाड करतात: ऑल्टरनेटर ते बॅटरी पॉझिटिव्ह, बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी आणि इंजिन ते बॉडी. बोलेरो किंवा थारसारख्या गाड्यांत बॉडी वेगळ्या लोखंडी चासीवर बसवलेली असते, तिथे बॉडी आणि चासी यांच्यातला जोडही पाहावा. अर्थात बिग थ्री केल्याने ऑल्टरनेटर जास्त वीज बनवू लागतो हाही गैरसमजच. वाटेतली गळती थांबते, एवढंच. ऑल्टरनेटरच ७० अँपिअरचा असेल तर ९० ची मागणी जाड वायरने भागणार नाही. त्यात आयडलिंगला तो पूर्ण क्षमतेने चालतही नाही.

निळा दिवा चमकवणारा एक फॅरडचा कपॅसिटर हाही असाच लाडका उपाय. १४.४ वरून १२ व्होल्टवर येईपर्यंत तो सुमारे ३२ ज्यूल देतो. वरच्या अॅम्प्लिफायरला ते एका सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतात. ढोलाचा एक ठोकाही त्याहून लांब असतो.

फ्यूजबद्दलचा गैरसमज मात्र गाडी पेटवू शकतो. अॅम्प्लिफायरवर फ्यूज आहे, मग आणखी कशाला, असं विचारलं जातं. तो फ्यूज अॅम्प्लिफायरपुरता. बॉनेटपासून डिकीपर्यंतची वायर फायरवॉलच्या भोकात घासून सोलली आणि पत्र्याला टेकली, तर बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि तो फ्यूज शाबूत राहतो. म्हणून दुसरा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत, वायरच्या क्षमतेपेक्षा मोठा नसलेला, आणि भोकात रबरी ग्रोमेट.

हे सगळं अंदाजाने ठरवायची गरज नाही. इंजिन चालू ठेवून मोठ्या आवाजात बेसचा सलग टोन लावायचा. साध्या मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं अॅम्प्लिफायरच्या अर्थ टर्मिनलला लावायचं. ०.१-०.२ व्होल्ट दिसले तर अर्थिंग ठीक. अर्ध्या व्होल्टवर आकडा गेला तर पॉलिशपेपर काढावा. मग हीच मोजणी लाल वायरच्या दोन टोकांवर करायची. अॅक्सिलरेटरबरोबर चढत जाणारी स्पीकरमधली ‘कुंई’सुद्धा बऱ्याचदा अर्थिंगच्या अशाच गडबडीतून येते, आणि दोष जातो बिचाऱ्या अॅम्प्लिफायरला.

नव्या गाड्यांत एक पथ्य जास्तीचं. अनेक मॉडेलांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर करंट मोजणारा सेन्सर असतो आणि चार्जिंग किती करायचं ते गाडीचा संगणक त्यावरून ठरवतो. जादा अर्थ वायर थेट टर्मिनलवर आवळली की करंट सेन्सरला चुकवून जातो आणि संगणकाचा हिशेब चुकतो. अशा गाडीत ती वायर कंपनीने बॉडीवर दिलेल्या अर्थ पॉइंटलाच जोडायची.